मठ्ठ्यात काईच नोतं

नाई, पन मी म्हन्तो, एका काळीपिवळीत मानसं बसून बसून बसतीन किती हो? दहा? पंधरा? टपावर मानसं, बोनटावर मानसं, मांगच्या शिडीले लोंबकळून मानसं, अन् भगवंतराव सरपंच तं माह्या मांडीवर! हाव, मांडीवर! मी गाडी चालवू का सरपंचाले खेळवू? वरतून हॉर्नवर हात त्याचाच. "इंद्रभान, दाब बे, दाब! माह्या घशात आग होऊन राह्यली, मले लागली बीमारी!" आता याच्या घशात आग काऊन होऊन राह्यली? तं सकाळपासून यानं बोटं घालघालून ओकाऱ्या काढल्या होत्या. ओकाऱ्या काऊन काढल्या? तं आदल्या दिवशी यानं मठ्ठा पेला होता. अन् तुमाले सांगतो... मठ्ठ्यात काईच नोतं हो! काईच नोतं!

थांबा. तुमाले असं मधातून सांगतलं तं तुमी म्हनसान, हा इंद्रभान पागल झाला काय. बैजवार सांगतो.

आमचं गाव बीबी गावाच्या आतल्या अंगाले. मी गावातून मेहकरले गाडी मारतो. माह्या घराले लागून उत्तमरावाचं घर, मधात फक्त शेवग्याचं झाड. माह्या बायकोले तिखट कमी पडलं तं ती आवाज द्याची तानुबाईले, म्हंजे उत्तमरावाच्या बायकोले, अन् वाटी यायची झाडाखालून. तर हा उत्तमराव. मानूस कसा? तं आवाज चढवला असा कधी आयकलाच नाई. गाडीत बसला तं दोन्ही पाय जवळ घेऊन बसन, बाजूवाल्याले तरास नोको म्हनून. त्याले एकच नाद, लोकायले खाऊ घालाचं. तुमी त्याच्या घरी पानी पेले गेले अन् नुसतं पानी पेऊन वापस आले, असं होनंच नाई.

त्याची पोरगी सुचिता. तिच्या लग्नाले लय वर्सं झाली होती अन् पाळना हालत नोता. सासरच्यायनं टोमणे मारमारून पोरीचं हाड अन् कातडं एक केलं होतं. अन् यंदा, पोळ्याच्या मांगंपुढं, झाली पोरगी! बाळंतपन माहेरी. छकुली म्हनाले लागले सगळे तिले. आता उत्तमराव ठिकानावर राह्यते काय? सगळ्या गावाले बारशाचं आवतन. आमच्या विहाराच्या गल्लीत तानुबाई सोता घरोघर फिरली, "बाई, लेकराले पाहाले या, अन् जेवूनच जा." मांडव, भोंगा, बुंदी, वांग्याची भाजी, पुऱ्या, वरन-भात, अन् मठ्ठा. मठ्ठा म्हंजे उत्तमरावाची शान. घरची म्हैस, काशी. तिच्या दुधाचं दही, त्यात अद्रक, जिरं, सांबार म्हंजे कोथिंबीर. पिंप भरून मठ्ठा! अन् हा बाप्पा हातात जग घेऊन पंगतीतून पळते, "घ्या ना हो, आनखी एक गिलास, काई होत नाई!"

काई होत नाई म्हने! पन खरंच काई होत नोतं हो. मठ्ठ्यात काईच नोतं.

घरधनी शेवटच्या पंगतीले बसला तवा पिंपाचं बूड दिसून राह्यलं होतं. मी म्हटलं, "उत्तमराव, तुले तं थेंब बी नाई राह्यला बे!" तं हसून म्हन्ते कसा, "गाव पेलं म्हंजे मी पेलो ना गड्या." कोरडा वरन-भात खाल्ला अन् हात धुतला. ध्यानात ठेवा. सगळ्या गावात मठ्ठा न पेलेला मानूस एकच. ज्याचा मठ्ठा, तोच!

अन् त्याच सांजीले काशी बिघडली. कशी? तं घोगरी हंबरते, डोळे लाल, तोंडातून लाळीच्या ताराच्या तारा, पान्याजवळ जाते अन् मांगं हटते, जाते अन् मांगं हटते. दुसऱ्या दिवशी ढोराचा डाक्टर आला. त्यानं लांबूनच पाह्यलं अन् म्हन्ला, "सगळे बाहेर व्हा. हिला कुत्रं चावलं होतं का?" तवा तानुबाईले आठवलं, लय दिवसापयले एक लाळगळं कुत्रं गोठ्यात घुसलं होतं, काशीच्या नाकपुडीले ओरखडा होता. डाक्टर म्हन्ला, "म्हैस पिसाळली आहे. ही वाचत नाही. आता मला नीट सांगा, हिच्या तोंडात कोणी हात घातला होता का? लाळ कोणाच्या जखमेला लागली का? आजारी कधीपासून आहे?"

आंगनात अर्धं गाव उभं. उत्तमराव खाली पाहून म्हन्ला, "काल सांजीपासून. हात कोनी नाई घातला."

डाक्टरानं इचारलं हाताचं, लाळीचं. गावानं काय आयकलं? दूध! "म्हैस पिसाळली"... दूध! दूध म्हंजे दही, दही म्हंजे मठ्ठा, अन् मठ्ठा म्हंजे... अरे बाप्पा! एका बाईनं असा हंबरडा फोडला का मले वाटलं काशीच हंबरली. कोनी मिठाचं पानी पेते, कोनी घशात बोटं घालते. एका बुढ्यानं तं आरसा मांगवला, मी भुकताना दिसतो काय पाहाले! अन् मंग सगळे इंद्रभानच्या गाडीवर.

बीबीच्या सरकारी दवाखान्यात पोचलो. तिथं डाक्टरीनबाई, निशिगंधा मॅडम. नगरकडची पोरगी, नवी नवी आलेली, बोलनं एकदम पुस्तकातल्यावानी. ती बाहेर आली, समोर पाह्यते तं पुरं गाव! "एक मिनिट, एक मिनिट! दूध उकळलं होतं ना? मग घाबरू नका. उकळलेल्या दुधातून, दह्यातून हा आजार होत नाही. पिसाळलेल्या जनावराची लाळ जखमेत गेली तर होतो. मला फक्त एवढं सांगा, म्हशीच्या तोंडात हात कोणी घातला होता?"

म्हंजे बाईनं सोता सांगतलं हो, गळा फाडून सांगतलं, का मठ्ठ्यात काईच नोतं! कोन आयकते? भगवंतराव टेबलावर चढला! "मॅडम, आमी काय अडानी हाव काय? सुया काढा! गाव मेलं तं जिम्मेदार कोन?" मांगून घोषणा चालू. बाई घामाघूम. बिचारीनं शेवटी हात जोडले, म्हने, "बरं, देते. पण रांगेत या."

आता ही सुई कशी? तं नवीन पद्धत म्हने. पयले पोटात इंजेक्शनं मारत, आता दंडाच्या कातडीत, एवढूशी, फुगा येईन एवढीच. एकेक दोन्ही दंडाले. एका शिशीत चार-पाच मानसं निंघतात. बाई समजावून सांगून राह्यली, "संशोधनातून सिद्ध झालंय, कातडीत थोडीशी दिली तरी शरीर तेवढंच तयार होतं." तं भगवंतराव दंड पुढं करून म्हन्ते, "ते थोडीशी लोकायले द्या. मी सरपंच हाव, मले पुरी द्या!"

मी हसलो हो. तवा हसलो.

उत्तमराव कुठी होता? तं एकदम शेवटी, भिताडाले पाठ लावून. अंगात लांब बाह्याचा सदरा. बाशिंग उतरलेल्या नवरदेवावानी तोंड. पयले त्यानं सुचिताले समोर ढकललं, मंग तानुबाईले, मंग जावयाले, व्याह्यायले. सोता जागेवरच. बाई पुन्हा बाहेर आली. पुन्हा तेच. "मी परत विचारते. हात कोणी घातला होता का? त्या माणसाला नुसती लस पुरणार नाही. लस शरीराला लढायला शिकवते, पण शिकायला वेळ लागतो. तोपर्यंत तयार फौज द्यावी लागते, जखमेतच. त्याला सीरम म्हणतात. मी आत्ता मेहकरहून मागवते. फक्त कोण ते सांगा."

मी उत्तमरावाकडे पाह्यलं. म्हटलं, म्हैस तुही, चारा तू टाकते, तू काई केलं असन तं सांग बे. तो तोंड उघडाले गेला... खरंच सांगतो, उघडलं होतं त्यानं तोंड... अन् तेवढ्यात टेबलावरून भगवंतराव वरडला, "अन् हा पाहा! हा उत्तम्या! सगळ्या गावाले पाजलं अन् सोता एक घोट नाई घेतला! काऊन नाई घेतला बे? तुले मालूम होतं म्हैस बिमार हाय! सकाळीच मालूम होतं!"

सगळं गाव वळलं. सुचिताची सासू वळली. तिनं नवऱ्याच्या कानात काईतरी सांगतलं, अन् सुचितानं छकुलीले पदराखाली झाकलं.

उत्तमराव म्हन्ला, "नाई हो. मले काई मालूम नोतं. मी हात बी नाई लावला तिले."

शिश्या सरल्या. उरलेल्यायले दुसऱ्या दिवशी बोलावलं. मी सकाळी गाडी लावली, उत्तमरावाच्या दारात हॉर्न मारला. म्हटलं, "चल बे, तुही सुई राह्यली." तं म्हन्ते, "मी तं मठ्ठा पेलोच नाई. मले कायले सुई? जो पेला त्याले लागू दे." मी म्हटलं, बाई म्हनते मठ्ठ्याशी काई संबंध नाई, तू ढोराजवळ होता, घेऊन टाक. म्हन्ते, "माह्यापायी गाव आधीच टोचून घेऊन राह्यलं. आनखी एक शिशी मी कायले खाऊ?" अन् गेला गोठा धुवाले. मी दोन शिव्या घातल्या त्याले, गाडी वळवली. काय करता? मानसाले हात धरून सुई देता येते काय?

अन् गाव? गावानं तं पुरा कोर्स केला हो! बाईनं ज्या ज्या दिवशी बोलावलं त्या त्या दिवशी, बिनचूक. ज्यायनं लेकरायचे डोस बुडवले ते सुदं बाह्या वर करून हजर. का भेव! भेव कशाचं? मठ्ठ्याचं! अन् मठ्ठ्यात...

जाऊ द्या.

दिवाळी झाली. कपाशी फुटली. उत्तमराव वेचाले जायचा तं एक दिवस म्हन्ला, "इंद्रभान, उजव्या हाताले मुंग्या येऊन राह्यल्या गड्या." मी म्हटलं, वेचनीनं असन. मंग म्हन्ते, ताप हाय. मंग म्हन्ते, घसा आखडते. अन् एका दुपारी तानुबाई झाडाखालून वरडत आली, "भाऊजी, हे पाहा ना, कसं करून राह्यले!" मी गेलो. तिनं तांब्या पुढं केला, पानीच हो, साधं पानी... अन् उत्तमरावाचा गळा असा आवळला, असा आवळला, का त्यानं तांब्या भिताडावर फेकला. त्या मानसानं! ज्याच्या घरून कोनी नुसतं पानी पेऊन वापस आलं नाई, त्या मानसानं पानी फेकलं!

मले समजलं. तानुबाईले बी समजलं. आमी एकमेकाकडे पाह्यलं नाई.

अन् गाव जमलं ना मंग! दारात, भिताडावर, माह्या गाडीच्या टपावर. काऊन? तं उत्तमराव भुकते काय ते पाहाले. "भुकला काय?" "आवाज तं आला." "चावन काय?" अरे हरामखोराहो, त्याच्या हातचं जेवले ना तुमी! मी जॅक हाँडल घेऊन धावलो तवा पांगले.

त्याले मांगच्या सीटवर घेतलं, जिल्ह्याच्या दवाखान्यात न्यायले. तानुबाई एका बाजूनं. सुचिता सासरून आली होती, तिले त्यानंच वापस लावलं, "छकुलीले आनू नको. माह्याजवळ आनू नको." गाडी चालली तं खिडकीतून हवा यायची, अन् हवा लागली का पुन्हा गळा आवळायचा. म्हन्ला, "काच लाव बे." मी काचा लावल्या. माह्या गाडीच्या एका काचीले हाँडल नाई, तिथं तानुबाईनं पाठ लावली.

मेहकरच्या पुढं गेल्यावर तो म्हन्ला, "इंद्रभान... मी हात घातला होता बे."

"कुठी?"

"काशीच्या तोंडात. बारशाच्या दिवशी. सकाळीच. ती चारा गिळत नोती. म्हटलं कनसाचं बुडूख अडकलं असन. पार कोपरापरेंत घातला. दाढ लागली, रगत आलं. फडक्यानं पुसलं अन् व्याह्यायच्या स्वागताले गेलो."

तानुबाई नुसती पाहून राह्यली त्याच्याकडे. तिले बी मालूम नोतं हो. एका गोधडीत झोपनाऱ्या बाईले मालूम नोतं!

मी गाडी बाजूले घेतली. मले रस्ता दिसेना. म्हटलं, "अबे मंग त्या बाईनं इचारलं तवा काऊन नाई बोलला? किती येळा इचारलं तिनं!"

"बोललो असतो तं सकाळीच मालूम होतं असं झालं असतं ना. गाव म्हनलं असतं, जानूनबुजून पाजलं. सुचिताची सासू उभी होती तिथं. आधीच ती पोरीले अपशकुनी म्हन्ते. लेकरू झालं तं बारशातच असं निंघालं... मंग पोरीले नेलं असतं काय त्यायनं वापस?" मंग पुन्हा गळा आवळला, सुटला. अन् माह्या खांद्याले हात लावून म्हन्ला, "मठ्ठ्यात तं काई नोतं ना, इंद्रभान? पक्कं ना? सुचितानं दोन गिलास पेला होता. ती अंगावर पाजते."

मी म्हटलं, "नोतं गड्या. मठ्ठ्यात काईच नोतं."

"बरं झालं," म्हन्ला. "बरं झालं मंग."

दवाखान्यातल्या डाक्टरानं मले बाहेर बोलावलं. म्हने, ही बीमारी दिसाले लागली का मंग लस बी चालत नाई, सीरम बी चालत नाई. आता त्याले तरास कमी व्हाचं औषध देऊ. दिलं. तो झोपला. तानुबाईनं त्याचा तोच उजवा हात आपल्या हातात धरून ठेवला. नर्स म्हन्ली, "हातमोजे घाला, मावशी." तिनं घातले. मोजे घालून धरला. दुसऱ्या दिवशी गेला.

मयताले पुरं गाव आलं. आलं म्हंजे काय, रस्त्याच्या त्या बाजूले उभं. दोन्ही दंडाले सुया घेतलेली, पुरा कोर्स केलेली मानसं हो! तिरडीले खांदा द्याले कोनी येईना! निशिगंधा मॅडम सोता आली, म्हने, "तुम्हाला सगळ्यांना लस झाली आहे, काही होत नाही." भगवंतराव नाकाले रुमाल लावून म्हन्ते, "हाव मॅडम, पन उगीच रिस्क कायले?" मंग मी, जावई, माहा भाऊ अश्वजित, अन् चवथा खांदा कोनाचा? तं तानुबाईचा. बायका खांदा देत नाई आमच्याकडे. तिनं दिला. कोनी चकार शब्द काढला नाई, कारन बोललं असतं तं तिथं येऊन खांदा द्यावा लागला असता.

आता तुमी म्हनसान, सरलं. नाई सरलं. तीळसंक्रांत झाल्यावर मेडिकल कालेजची मंडळी आली. संशोधन म्हने. एवढ्या मानसायनं एका टायमाले कातडीतली सुई घेतली, असं गाव लवकर भेटत नाई. कोनाच्या रक्तात किती ताकद तयार झाली अन् किती दिवस टिकते, ते पाहाचं होतं. पंचायतीत टेबलं लावले. आता सुई म्हंजे काय, गाव सरावलं होतं. रांगच रांग. काई दिवसानं निशिगंधा मॅडम निकाल सांगाले आली. "सगळ्यांचं उत्तम आहे. प्रत्येकाच्या रक्तात भरपूर संरक्षण तयार झालंय." टाळ्या! भगवंतराव उठून म्हन्ते, "माह्यात किती? सगळ्यायहून जास्त असन ना?" बाईनं फाइल मिटली.

तानुबाई मांगं बसली होती, खांबाजवळ. रक्त तिनं बी दिलं होतं. ती हळूच उभी राह्यली. "बाई, तुमी तवा म्हनल्या होत्या, तयार फौज. ते सीरम. ते कशाचं बनते हो?"

निशिगंधा मॅडम खरं तेच बोलली. "काही घोड्याच्या रक्तातून बनतं. आणि काही... ज्यांना लस पूर्ण झालीय, अशा माणसांच्या रक्तातून काढतात."

"म्हंजे हे जे आमच्या अंगात तयार झालं, तेच?"

"हो. तेच."

"मंग आमच्यातलं थोडं त्याईले..."

"तेव्हा तुमच्यातही नव्हतं, मावशी. ते आता झालंय."

तानुबाईनं मान हालवली. एकदा पुऱ्या सभेकडे पाह्यलं, या टोकापासून त्या टोकापरेंत, एकेकाचं तोंड. भगवंतरावानं खाली पाह्यलं. मंग पदर सावरला अन् घरी गेली. सुचिता आली होती, छकुलीले पेज द्याची येळ झाली होती.

तर असं हाय. तुमाले सांगतो, माहं गाव म्हंजे आता पुरं औषधाचं दुकान हाय. घराघरात, अंगाअंगात माल भरून ठेवेल हाय, अव्वल नंबरचा, तपासलेला, डाक्टरच्या सहीचा! मठ्ठ्यात काईच नोतं, पन मठ्ठ्याच्या भेवानं दुकान खचाखच भरलं हो.

गिऱ्हाईक एकच होतं. ते गेलं.